महागडा गेमिंग लॅपटॉप निवडताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न : या पानावर कोणत्या लॅपटॉपचा विचार केला आहे?

एनव्हिडियाने जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केलेल्या आरटीएक्स ५० मालिकेतील वरच्या तीन ग्राफिक्स चिप, म्हणजे ५०७० टीआय, ५०८० आणि ५०९०, ज्या लॅपटॉपमध्ये आहेत त्यांचाच येथे विचार केला आहे. आसुसचे आरओजी स्ट्रिक्स स्कार आणि झेफिरस जी१६, लेनोवोचा लिजन प्रो ७आय, एमएसआयचे टायटन व रेडर, डेलच्या एलियनवेअरचे एरिया-५१, एचपीचा ओमेन मॅक्स १६, एसरचा प्रेडेटर हेलिओस आणि रेझरचा ब्लेड हे या पंक्तीतले नेहमीचे मानकरी आहेत. साधा ५०७० मुद्दाम बाहेर ठेवला आहे, कारण त्याच्यापाशी ग्राफिक्सची मेमरी ८ जीबीच आहे आणि नव्या मोठ्या खेळांत टेक्स्चरचा (वस्तूंच्या पृष्ठभागावरील चित्रांचा) दर्जा वर नेला की ती अपुरी पडू लागते. एएमडीचे नाव ग्राफिक्सच्या बाजूला दिसत नाही, याचेही कारण साधे आहे : २०२३ मधील आरएक्स ७९००एम नंतर त्या कंपनीने लॅपटॉपसाठी या तोडीची स्वतंत्र ग्राफिक्स चिप आणलेली नाही.

प्रश्न : लॅपटॉपमधील ५०९० आणि डेस्कटॉपमधील ५०९० या एकच चिप आहेत का?

नाहीत, आणि खरेदीपूर्वी मनातून काढून टाकण्याजोगा पहिला गैरसमज हाच आहे. डेस्कटॉपच्या ५०९० मध्ये २१,७६० कुडा कोअर (चित्राची आकडेमोड करणारे घटक) आणि ३२ जीबी मेमरी असून त्या कार्डाला ५७५ वॅटपर्यंत वीज लागते. लॅपटॉपच्या ५०९० मध्ये १०,४९६ कोअर आणि २४ जीबी मेमरी आहे आणि तिला जास्तीत जास्त १७५ वॅट मिळतात. लॅपटॉपच्या ५०९० मध्ये वापरलेले सिलिकॉन (मूळ चिपचा तुकडा) हे वस्तुतः डेस्कटॉपच्या ५०८० चे सिलिकॉन आहे. मागील पिढीतही हाच प्रकार होता. डेस्कटॉपच्या ४०९० मध्ये १६,३८४ कोअर होते, तर लॅपटॉपच्या ४०९० मध्ये ९,७२८. कंपनीने दोन्हींना एकच क्रमांक का द्यावा, हे विक्री विभागालाच ठाऊक. ग्राहकाने मात्र डेस्कटॉप कार्डाच्या चाचण्यांतील आकडे लॅपटॉपच्या हिशेबात धरू नयेत.

प्रश्न : दोन लॅपटॉपमध्ये तीच ग्राफिक्स चिप आणि तोच प्रोसेसर असूनही वेगात फरक का पडतो?

कारण चिपचे नाव म्हणजे तिची कमाल क्षमता. प्रत्यक्षात तिला किती वीज द्यायची, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. या विजेच्या मर्यादेला टीजीपी म्हणतात. लॅपटॉपच्या ५०९० साठी एनव्हिडियाने ही मर्यादा ९५ ते १५० वॅट अशी सैल ठेवली आहे आणि त्यावर डायनॅमिक बूस्टचे आणखी २५ वॅटपर्यंत मिळू शकतात. ५०८० साठी हीच मर्यादा ८० ते १५० वॅट आहे, तर ५०७० टीआयसाठी ६० ते ११५ वॅट. याचा अर्थ असा की एखाद्या सडपातळ लॅपटॉपमध्ये १०० वॅटच्या आसपास चालणारी ५०९० आणि जाडजूड लॅपटॉपमध्ये १७५ वॅटवर चालणारी ५०८० शेजारी ठेवल्या, तर स्वस्त लॅपटॉप महागाच्या बरोबरीने किंवा त्याच्या पुढेही जाऊ शकतो.

म्हणूनच या श्रेणीत तुलना करताना चिपच्या नावाच्या आधी वॅटचा आकडा पाहावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. २०२१ पासून एनव्हिडियाने हा आकडा जाहीर करणे कंपन्यांना बंधनकारक केले आहे. तो कंपनीच्या संकेतस्थळावरील तपशीलपत्रकात असतो, पण बहुधा तळाशी, बारीक अक्षरांत आणि 'पर्यंत' या शब्दाच्या आडोशाला. ऑनलाइन दुकानांच्या पानांवर तर तो पुष्कळदा दिलेलाच नसतो. तेथे चिपचे नाव, रॅम आणि एसएसडी एवढ्यावरच भागवलेले असते. दुकानदाराला विचारून उपयोग होईलच असे नाही, तेव्हा मॉडेल क्रमांक पूर्ण लिहून घ्यावा आणि कंपनीचे पत्रक स्वतः पाहावे. एकाच नावाखाली वेगवेगळ्या देशांत वेगळे पडदे, वेगळे प्रोसेसर आणि वेगळे अडॅप्टर दिले जातात, त्यामुळे पूर्ण क्रमांक महत्त्वाचा आहे.

आणखी एक बारकावा असा की डायनॅमिक बूस्टचे २५ वॅट प्रोसेसरच्या वाट्यातून येतात. खेळात प्रोसेसरवर ताण कमी असेल तेव्हाच ते ग्राफिक्सकडे वळतात. दोन्ही बाजूंना एकदम ताण पडला की लॅपटॉप एकूण किती उष्णता बाहेर टाकू शकतो, यावरच सगळे येऊन ठेपते. ग्राफिक्सचे १७५ आणि प्रोसेसरचे ७०-८० वॅट असा जवळजवळ अडीचशे वॅटचा भार जो लॅपटॉप अर्धा तास सलग पेलतो तो खरा बलवान, आणि पहिल्या पाच मिनिटांत धावून नंतर मंदावणारा केवळ चाचणीपुरता.

प्रश्न : ५०८० घ्यावी की ५०९०?

कोअरची संख्या पाहिली तर ५०९० मध्ये ५०८० पेक्षा सुमारे ३७ टक्के अधिक कोअर आहेत (१०,४९६ विरुद्ध ७,६८०). परंतु दोघींच्या विजेची कमाल मर्यादा सारखीच असल्यामुळे हे जादा कोअर कमी वेगाने चालवावे लागतात आणि खेळातील प्रत्यक्ष फरक त्या ३७ टक्क्यांच्या निम्म्यापर्यंतही क्वचितच पोहोचतो. किमतीतला फरक मात्र पूर्ण मोजावा लागतो. केवळ खेळ खेळणाऱ्याने ५०८० वर थांबावे आणि वाचलेल्या पैशांत चांगला पडदा, अधिक रॅम किंवा वाढीव वॉरंटी घ्यावी, असा आमचा सल्ला आहे.

५०९० चे समर्थन होते ते तिच्या मेमरीमुळे. ५०८० मध्ये १६ जीबी आणि ५०९० मध्ये २४ जीबी मेमरी आहे. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये जड दृश्ये रेंडर करणारे, मोठ्या आकाराच्या व्हिडिओंवर काम करणारे किंवा भाषिक मॉडेल स्वतःच्या संगणकावर चालवून पाहणारे यांच्यासाठी ही ८ जीबींची भर निर्णायक ठरू शकते, कारण जे काम मेमरीत मावतच नाही ते चिप कितीही वेगवान असली तरी रखडते किंवा सुरूच होत नाही. असे काम व्यवसायाचा भाग असेल आणि जीएसटी नोंदणी असेल, तर बिल व्यवसायाच्या नावाने घ्यावे. लॅपटॉपवरील १८ टक्के कराचे इनपुट क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) मिळू शकते आणि त्याने दोन चिपमधील अंतर बरेच कमी होते. ५०७० टीआय ही १२ जीबीची चिप २५६० × १६०० रिझोल्यूशनवर खेळणाऱ्या बहुतेकांना पुरेशी आहे, आणि पैशाच्या मोबदल्यात या तिघींत तीच सरस आहे.

प्रश्न : प्रोसेसर इंटेलचा बरा की एएमडीचा?

इंटेलच्या कोअर अल्ट्रा ९ २७५एचएक्समध्ये ८ वेगवान आणि १६ किफायती असे २४ कोअर आहेत, तर एएमडीच्या रायझन ९ ९९५५एचएक्स३डीमध्ये १६ कोअर, ३२ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामे) आणि १२८ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरच्या अगदी जवळची वेगवान मेमरी) आहे. ही वाढीव कॅशे चिपच्या एका भागाखाली रचून बसवलेली असते आणि प्रोसेसरवर अवलंबून राहणाऱ्या खेळांत, विशेषतः कमी रिझोल्यूशन व जास्त फ्रेमदर (दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची, म्हणजे फ्रेमची, संख्या) ठेवून खेळल्या जाणाऱ्या स्पर्धात्मक नेमबाजीच्या खेळांत आणि मोठ्या सिम्युलेशनच्या खेळांत, तिचा फायदा दिसतो. एमएसआयच्या रेडर ए१८ एचएक्समध्ये हा प्रोसेसर मिळतो. मात्र पडदा मोठ्या रिझोल्यूशनचा असेल आणि चित्राचा दर्जा सर्वोच्च ठेवला असेल, तर अडसर ग्राफिक्सकडेच येतो आणि प्रोसेसरमधला फरक जवळजवळ पुसला जातो. या कारणासाठी आवडलेला लॅपटॉप सोडून देऊ नये.

प्रश्न : ओलेड, मिनी-एलईडी आणि आयपीएस यांपैकी कोणता पडदा घ्यावा?

ओलेड पडद्यावर काळा रंग खरोखर काळा दिसतो आणि पिक्सेलचा प्रतिसाद इतका जलद असतो की वेगवान हालचालीत चित्र ओघळल्यासारखे दिसत नाही. लिजन प्रो ७आय आणि ब्लेड १६ यांमध्ये २५६० × १६०० रिझोल्यूशनचे २४० हर्ट्झचे (सेकंदाला २४० वेळा चित्र बदलणारे) ओलेड पडदे आहेत. त्याची दुसरी बाजू म्हणजे एकच चित्र तासन्‌तास स्थिर राहिल्यास त्याचा ठसा उमटण्याची शक्यता. दिवसभर त्याच लॅपटॉपवर एक्सेल किंवा प्रोग्रॅमिंग चालणार असेल, तर टास्कबार लपवून ठेवणे आणि पडदा लवकर मिटू देणे या सवयी लावून घ्याव्या लागतात. काही ओलेड पडदे उजेड कमी केल्यावर वेगाने लुकलुकतात. हे डोळ्यांना दिसत नसले तरी काहींचे डोके दुखू लागते, म्हणून शक्य असल्यास दुकानात अर्धा तास बसून पाहावे.

मिनी-एलईडी पडद्यामागे छोट्या दिव्यांचे अनेक विभाग स्वतंत्रपणे कमी-अधिक होतात. उजेड भरपूर मिळतो आणि ठसा उमटण्याची भीती नसते. मात्र काळ्या पार्श्वभूमीवरील पांढऱ्या अक्षरांभोवती मंद प्रभावळ दिसते. स्कार १८ मध्ये आणि टायटन १८ मध्ये हा प्रकार आहे. आयपीएस, म्हणजे नेहमीचे एलसीडी पडदे, या किमतीत उणे वाटतात खरे, पण ते टिकाऊ आहेत आणि त्यांचे रिफ्रेश रेट (हर्ट्झचे आकडे) फार वर जातात.

रिझोल्यूशनबाबत आमचे मत ठाम आहे. ३८४० × २४०० म्हणजे ९२ लाखांहून अधिक पिक्सेल; २५६० × १६०० म्हणजे जवळपास ४१ लाख. दुपटीहून जास्त काम चिपवर लादून १६ किंवा १८ इंचांच्या पडद्यावर जो बारकावा मिळतो, तो खेळताना क्वचितच जाणवतो.

प्रश्न : मक्स स्विच म्हणजे काय आणि तो असलाच पाहिजे का?

या श्रेणीतील लॅपटॉपमध्ये प्रोसेसरमधील लहान ग्राफिक्स आणि एनव्हिडियाची मोठी चिप अशी दोन इंजिने असतात. वीज वाचवण्यासाठी मोठ्या चिपने तयार केलेले चित्र लहान ग्राफिक्समार्गे पडद्यावर पाठवले जाते आणि त्या वळशात थोडे फ्रेम व थोडा वेळ वाया जातो. मक्स स्विचमुळे पडदा थेट मोठ्या चिपला जोडता येतो. अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्टिमस असेल तर हे काम लॅपटॉप पुन्हा सुरू न करता होते. होय, तो असलाच पाहिजे.

प्रश्न : १६ इंची सडपातळ लॅपटॉप घ्यावा की १८ इंची जाडजूड?

रेझरच्या ब्लेड १६ चे वजन २.१ किलोच्या आसपास आहे आणि जाडी सर्वांत बारीक ठिकाणी १५ मिलिमीटरहून किंचित कमी. टायटन १८ चे वजन साडेतीन किलोंच्या पुढे जाते आणि त्याचा ४०० वॅटचा अडॅप्टर वेगळा. ब्लेडमध्ये ५०९० ला १६० वॅटपर्यंत वीज दिली आहे, हे त्या जाडीत कौतुकास्पद आहे. पण तेवढी उष्णता बारीक फटींतून बाहेर काढायची म्हणजे पंखे वेगाने फिरणार आणि कीबोर्डाचा वरचा भाग तापणार, हे भौतिकशास्त्राला चुकत नाही. रोज लोकलने किंवा एसटीने प्रवास करणाऱ्याने १८ इंची लॅपटॉपच्या वाटेला जाऊ नये. ज्याचा लॅपटॉप टेबलावरून हलणारच नाही, त्याने आधी डेस्कटॉपचा विचार करावा. त्याच पैशांत तो निःसंशय अधिक वेगवान मिळतो. १८ इंची लॅपटॉप खऱ्या अर्थाने शोभतो तो दोन घरांत किंवा दोन शहरांत राहणाऱ्याला, ज्याला महिन्यातून एकदोनदा सगळा पसारा उचलून न्यावा लागतो.

प्रश्न : आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे लॅपटॉप टिकतात का?

टिकतात, परंतु परदेशी चाचण्यांतील तापमानाचे आकडे जसेच्या तसे घेता येत नाहीत. त्या चाचण्या बहुधा २०-२२ अंशांच्या खोलीत होतात. खोलीचे तापमान जितक्या अंशांनी वाढते, ढोबळमानाने तितक्याच अंशांनी चिपचेही वाढते. मे महिन्यात नागपूर किंवा चंद्रपूरला पारा ४५ च्या घरात असताना पंख्याखालच्या खोलीतही ३५-३६ अंश सहज असतात. म्हणजे चाचणीत ८० अंशांवर दिसलेली चिप येथे नव्वदीच्या पुढे जाणार आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करणार. तेव्हा मराठवाडा-विदर्भातील वाचकांनी वातानुकूलन नसल्यास जाड, मोठ्या पंख्यांचे मॉडेल निवडावे आणि वॅटची मर्यादा सॉफ्टवेअरमधून थोडी खाली आणावी. शेवटच्या २५-३० वॅटमधून मिळणारा वेग थोडा असतो आणि उष्णता पुष्कळ. कोकणात आणि गोव्यात त्रास दमटपणाचा आहे. लॅपटॉप महिनोन्‌महिने बंद ठेवण्यापेक्षा अधूनमधून चालवलेला बरा.

लॅपटॉप मागून दोन-तीन सेंटिमीटर उचलून ठेवला तरी खालून हवा नीट खेचली जाते. महाग कूलिंग पॅडचा उपयोग त्याहून फार मोठा नसतो. आसुसच्या काही मॉडेलांमध्ये चिपवर लिक्विड मेटल लावलेले असते. हा गॅलियमवर आधारित धातू उष्णता उत्तम वाहून नेतो, पण तो वीजही वाहतो आणि अ‍ॅल्युमिनियमला खातो, म्हणून असा लॅपटॉप कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे सफाईसाठी उघडू देऊ नये. वर्षातून एकदा पंख्यांची धूळ काढण्याचे काम मात्र चुकवू नये.

प्रश्न : जाहिरातीत दाखवलेले दोनशे-तीनशे फ्रेमचे आकडे खरे असतात का?

ते खोटे नसतात, पण त्यातले सगळे फ्रेम खेळाने तयार केलेले नसतात. ५० मालिकेबरोबर आलेल्या डीएलएसएस ४ या एनव्हिडियाच्या तंत्रात प्रत्येक खऱ्या फ्रेममागे तीनपर्यंत फ्रेम चिप स्वतः अंदाजाने रचते. जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासच्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनी ५०७० मध्ये ४०९० इतकी कामगिरी मिळेल, असे सांगितले तेही याच तंत्राच्या बळावर. मूळ फ्रेमदर ६० असताना पडद्यावर २४० दिसले तरी माऊसला मिळणारा प्रतिसाद ६० च्याच आसपासचा राहतो. कथानक असलेल्या, निवांत खेळांत हे तंत्र फार सुखद आहे. स्पर्धात्मक खेळात त्याचा काही लाभ नाही. तुलना करताना हे तंत्र बंद ठेवून मिळालेले आकडेच पाहावेत आणि सरासरीबरोबर सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा आकडाही पाहावा, कारण खेळ अडखळतो की नाही हे त्यातून कळते.

प्रश्न : रॅम आणि एसएसडी नंतर वाढवता येतात का?

जाड लॅपटॉपमध्ये बहुधा येतात. सडपातळ लॅपटॉपमध्ये, उदाहरणार्थ झेफिरस जी१६ आणि ब्लेड १६ यांमध्ये, रॅम मदरबोर्डवर पक्की केलेली असते आणि घेताना जितकी घेतली तितकीच कायम राहते. पूर्वी आम्ही कमी रॅमचे मॉडेल घेऊन बाहेरून वाढवण्याचा सल्ला देत असू. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव चढू लागल्यापासून तो हिशेब जुळेनासा झाला आहे, त्यामुळे ३२ जीबी सुरुवातीलाच घ्यावेत. एसएसडी पीसीआयई ४ या जुन्या पिढीच्या जोडणीची असो की ५ ची, खेळांत फरक जाणवत नाही.

प्रश्न : बॅटरीवर खेळता येते का, आणि वीज गेली तर काय?

विमानात परवानगीशिवाय नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा १०० वॅट-तास असल्यामुळे या लॅपटॉपच्या बॅटऱ्या त्याच्या आतच राहतात आणि मोठ्यात मोठ्या ९९ किंवा ९९.९ वर थांबतात. लॅपटॉपने २०० वॅट ओढले, तर गणिताने अर्धा तासच मिळतो. प्रत्यक्षात बॅटरी तेवढी वीज देतच नाही आणि खेळ मंद होतो. यूएसबी-सीवर चार्जिंग होते, पण ते कार्यालयीन कामापुरते समजावे.

लोडशेडिंगच्या भागातील वाचकांसाठी महत्त्वाची गोष्ट अशी की वायफाय राउटर आणि साध्या संगणकासाठी घेतलेला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. ३३० किंवा ४०० वॅटच्या अडॅप्टरसोबत बाहेरचा मॉनिटरही त्याला जोडला तर तो बंद पडण्याची शक्यता आहे. इन्व्हर्टर असल्यास तो शुद्ध साइन वेव्हचा असावा. लॅपटॉप सतत चार्जरला लावलेला राहणार असेल तर चार्जिंगची मर्यादा ८० टक्के ठेवावी. ही सोय जवळपास प्रत्येक कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे.

प्रश्न : मागील पिढीचा ४०९० सवलतीत मिळत असेल तर घ्यावा का?

किंमत ५०८० पेक्षा स्पष्टपणे कमी असेल तर अवश्य घ्यावा. त्यातही १६ जीबी मेमरी आहे. तीन जादा फ्रेम रचण्याचे नवे तंत्र तेवढे मिळणार नाही.

प्रश्न : अमेरिकेतील नातेवाइकाकडून मागवणे फायद्याचे आहे का?

१८ वर्षांवरील प्रवाशाला सामानातून एक लॅपटॉप सीमाशुल्क न भरता आणता येतो आणि तेथील किंमत पुष्कळदा कमी असते, हे खरे. अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, तेव्हा फक्त वायर बदलावी लागते. खरी अडचण वॉरंटीची आहे. काही कंपन्यांची वॉरंटी देशापुरती असते, काहींची आंतरराष्ट्रीय असूनही भारतात न विकल्या गेलेल्या मॉडेलचे सुटे भाग येथे मिळत नाहीत. चार लाखांच्या लॅपटॉपचा मदरबोर्ड बिघडला आणि तो अमेरिकेला पाठवावा लागला, तर वाचलेले पैसे तेथेच संपतात. भारतात घेतानाही 'घरी येऊन दुरुस्ती' या आश्वासनावर विसंबू नये. मुंबई-पुण्यात मिळणारी ती सेवा आपल्या पिन कोडवर मिळते का, हे कंपनीच्या मदत क्रमांकावर विचारून घ्यावे आणि उत्तर ईमेलवर मागावे.

प्रश्न : खरेदीनंतर पहिल्या काही दिवसांत काय तपासावे?

बदलून देण्याची मुदत अनेकदा आठवड्याचीच असते, त्यामुळे खोके उघडतानाचे चित्रण करून ठेवावे आणि तपासणी लांबणीवर टाकू नये. अद्ययावत ड्रायव्हर घालून, सर्वांत वेगवान मोड लावून एखादा जड खेळ अर्धा तास सलग चालवावा आणि एचडब्ल्यूइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये ग्राफिक्स चिपला मिळणारे वॅट पाहावेत. पत्रकात १७५ लिहिलेले असून खेळाच्या पूर्ण भाराखाली आकडा १३० च्या आसपासच अडकत असेल, तर मोड, मूळ अडॅप्टर आणि बायोस (मदरबोर्डमधील मूळ सॉफ्टवेअर) तपासून पाहावे. तरीही फरक न पडल्यास बदली मागावी. पूर्ण काळे आणि पूर्ण पांढरे चित्र लावून पडद्यावरील मृत पिक्सेल शोधावेत. पंख्यांचा आवाज मोठा असणारच, पण त्यात खरखर किंवा टकटक नसावी. प्रोसेसरचे एकदोन कोअर बाकीच्यांपेक्षा १५-२० अंशांनी सतत जास्त तापत असतील, तर हीटसिंक (उष्णता वाहून नेणारा धातूचा भाग) नीट बसलेला नसण्याची शक्यता असते आणि ही तक्रार मुदतीच्या आत, तापमानाच्या स्क्रीनशॉटसह लेखी नोंदवावी.